दुपारची भाकरी

एकदा एका कोरडवाहू मुलखात एक वृद्ध संशोधक राहत असत. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येई आणि चहासुद्धा न घेता निघून जाई. तरीही माळावरच्या त्यांच्या प्रयोगशेतात ज्वारीची नाना वाणे वाऱ्यावर संथ डुलत असत. सारे त्यांना आबा म्हणत.

त्यांच्या शिष्येने सात वर्षे खपून ज्वारीचे एक नवे वाण सिद्ध केले होते. त्याच्या दाण्यात लोह दुप्पट होते. तिच्या गावी बायकांच्या अंगात रक्त म्हणून नसे. तिची थोरली बहीण बाळंतपणात त्यापायीच गेली. तेव्हापासून तिला एकच स्वप्न पडे : शाळेच्या पटांगणात लाल गालांची पोरं खेळताहेत आणि बहीण दारात उभी राहून हसते आहे. आता मंजुरीच्या कागदावर आबांची सही झाली की बियाणे चाळीस गावांत जाणार होते.

"आबा, आज सही कराच," ती सकाळीच म्हणाली.

"करू की! आधी त्याची भाकरी तर कर."

तिने भाकरी थापली. काय टम्म फुगली म्हणता! पण आबांनी तुकडासुद्धा मोडला नाही. त्यांनी ती फडक्यात बांधली, शेतावर नेऊन बाभळीखाली ठेवली आणि स्वतः डोळे मिटून बसले. शिष्या मनात चरफडली. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, दुसरे काय! हळूहळू ऊन अंगावर चढले. ज्वारीच्या ताटांची सळसळ ऐकता ऐकता तिलाही गुंगी आली आणि पुन्हा तेच पटांगण दिसू लागले.

दुपारी काढणीच्या बाया जेवायला बसल्या. आबांनी ते फडके त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या हौसाक्कांच्या पुढ्यात सोडले. हौसाक्कांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावला. "ग्वाड हाय गं पोरी," त्या म्हणाल्या. मग उरलेली भाकरी हळूच बाभळीला बांधलेल्या शेळीपुढे सारून त्यांनी आपली शिदोरी उघडली.

शिष्येचा चेहरा पडला. "अक्का, काय बिघडलं?"

"बिघडतंय काय! सकाळी झ्याक असंल. पर आता वातड झालीया. आमी पहाटं थापतो आन दुपारी खातो. माझ्या नातवाला आत्ता कुठं दात फुटल्यात, त्यो कशी चावायचा?"

"पण आबा, हिच्यात लोह दुप्पट आहे!" शिष्या कळवळून म्हणाली. "आता हे सुधारायला आणखी दोन-चार हंगाम थांबायचं, म्हणजे तोवर आणखी किती जणी..."

आबांनी खिशातून कागद काढला, सही केली आणि तो तिच्या हातात दिला. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तुझ्या आडात भरपूर आहे, बाळ. दोर तोकडा पडतोय. आपण भाकरी तव्यावरची खातो, या बाया शिदोरीतली. पोटात न गेलेलं लोह अंगात कसं भिनेल? आणि एकदा का आपलं बी शेळीपुढे पडलं, की पुढच्या वेळी दार कुणी उघडणार नाही. सही झाली. पाठवायचं की थांबायचं, तू ठरव."

हौसाक्कांनी आपली अर्धी भाकरी तिच्यापुढे केली. तिने घास मोडला. भाकरी अजून मऊ होती. बहीणही अशीच बांधावर बसून जेवत असे, हे आठवले आणि तिला रडू आवरेना. मग तिने डोळे पुसले आणि कागद घडी करून आबांच्या हाती परत दिला.

"अक्का, तुमच्या घरच्या ज्वारीचं बी द्याल? माझ्या ज्वारीशी सोयरीक जुळवते."

"सूपभर ने की! पर चाखायला आणशील तवा दुपारच्यालाच आण."

दुसऱ्याच्या पोटासाठी रांधावे, तर त्याच्या जेवणाच्या वेळी चाखून पाहावे.