दिवाणजींचा चिलमींचा ढीग

तांबगडच्या राजाची खाण डोंगराच्या पोटात खोल गेली होती. तिथं राबणारी माणसं रक्त ओकून मरत. आत कोंडलेली हवाच विषारी आहे, डोंगराला हवेची भोकं पाडा, असं सांगून रेवाबाई वैद्यीण थकली. पण दिवाण गंगाधरपंतांना खर्च नको होता. त्यांनी भर दरबारात चिलमींचा ढीग ओतला.

"मेलेल्यांच्या घरांतून आणल्यात, महाराज. खाण बिचारी निर्दोष आहे. ही माणसं धुरानं मेली."

दरबाराने माना डोलावल्या. रेवाबाई म्हणाली, "पंत, आता कोष्टी आळीतल्याही चिलमी मागवा."

शिपाई गेले आणि तेवढाच ढीग घेऊन आले.

"यांचे मालक कुठायत?" राजाने हुक्का गुडगुडवत विचारलं.

"मागावर बसलेत, सरकार," शिपाई म्हणाले. "काहीजण खोकतात, पण बहुतेक धडधाकट आहेत."

"आता खाणीतले माळकरी बोलवा," रेवाबाई म्हणाली. "ते तंबाखूला शिवतही नाहीत."

माळकरी दारात पोचण्याआधी त्यांचा खोकला आत पोचला.

पंत चाचरले, "म्हणजे चिलीम निर्दोष?"

"छे. घरात दोन चोर शिरलेत, पंत, आणि दोघं मिळून आले की घर धुऊन नेतात. म्हणून तर चिलीम ओढणारा खाणकरी सगळ्यांच्या आधी जातो. तुम्ही एका चोराला पकडलंत आणि दुसऱ्याला पहाऱ्यावर नेमलंत."

राजाने त्या दोन ढिगांकडे पाहिलं. मग त्याने भोकं पाडायचा हुकूम दिला, आणि हुक्क्याची नळी हळूच खाली ठेवली.