कैतानने मटणाला निरोप दिला

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा होता. नाव कैतान. आता भोळे कुठे नसतात? पण कैतान सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि तिथेच घोटाळा व्हायचा.

मिंगेलीनमावशीच्या रोझीला तो आवडायचा. का, ते देवालाच ठाऊक. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी रोझीचा लॉर्सूमामा जेवायला येणार होता. मामा हो म्हणाला तर कैतानशी लग्न, नाही म्हणाला तर दुसरा मुलगा तयारच होता.

सकाळी वाटेत पाद्रीबाबा भेटले. कैतानने विचारलं, "फादर, कार्निव्हल म्हणजे काय ओ?"

"जुना शब्द आहे, बाबा. लॅटिनमधला. मांस दूर करणं. उद्यापासून ईस्टरपर्यंत उपास, म्हणून आज मांसाला निरोप द्यायचा."

कैतानने मान डोलावली. मग मावशीने त्याला मटण आणायला धाडलं. तो खाटकाकडे गेला, टांगलेल्या मटणासमोर टोपी काढली, हात जोडले. "येतंय हां. सांभाळून ऱ्हवा." आणि रिकामी पिशवी घेऊन परत आला.

"मटण खंय?" मावशीने विचारलं.

"निरोप दिलंय."

"अरे खुळ्या, आधी घरात आणूचा, पोटभर खावचा, मगे निरोप!"

कैतानने हे पक्कं लक्षात ठेवलं. मटण मात्र मावशीने स्वतः जाऊन आणलं.

दुपारी मटण शिजलं आणि दारात ढोल वाजले. कार्निव्हलची पोरं, तोंडं रंगवलेली, नाचत आलेली. मावशी आतून ओरडली, "कैतान, तेंका निरोप दी!"

कैतानने सगळ्यांना घरात आणलं, पंगतीला बसवलं, पोटभर वाढलं. मग निरोप दिला. पोरं म्हणाली, असं घर गावात दुसरं नाही.

मावशी बाहेर आली तर टोप अर्धा रिकामा. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. "आज दारात कोण इलो तर तेच्या अंगार पीठ उडवायचा आणि दार लावून घेवचा. समाजला?"

"समाजला."

घटकाभराने लॉर्सूमामा आला. काळा कोट, चकचकीत बूट. कैतानने पिठाची अख्खी परात त्याच्यावर रिकामी केली आणि दार लावून घेतलं.

मावशीने धावत जाऊन दार उघडलं. मामाचे फक्त डोळे दिसत होते. "रे मेल्या, हो तर रोझीचो मामा! मामाक मानान खुर्चीर बसवूचा!"

कैतानने मामाला मानाने खुर्चीवर बसवलं. मावशीने समोर टोपच ठेवला. मामा जेवला. असा जेवला की राग विरघळला, कोटाची बटणं सुटली. मावशी खरकटं आवरत कैतानच्या कानात म्हणाली, "चर्चची घंटा होवच्या आधी घरात मटणाचो एक तुकडो ऱ्हवता नये हां."

कैतानने टोपात पाहिलं. रिकामा. ताटात पाहिलं. रिकामं. मग मटण गेलं कुठे? त्याने मामाच्या पोटाकडे पाहिलं.

मामा दात कोरत म्हणाला, "कैतान, तू खुळो असस, पण मनान बरो असस. माका वाटता, ह्या चेडू, रोझी, तुका..."

कैतानने त्याला खुर्चीसकट उचललं.

वाटेत मामा ओरडत होता, "हो म्हणतंय! हो! खाली ठेव!" कैतानने खाली ठेवला, पण होडीत, आणि होडी लोटून दिली. ओहोटी होती. खाडीच्या मध्यावरून मामाचा आवाज आला, "नाय! नाय! नाय!"

कैतान हात हलवत राहिला.

रोझी धावत काठावर आली. तिने मामाला बघितलं, कैतानला बघितलं, आणि तिला हसू आवरेना. उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नाहीत, पण उपासाच्या घंटेला अजून वेळ होता आणि पलीकडच्या काठावरही चर्च होतं. ती दुसऱ्या होडीत बसली, शेजारी जागा ठेवली आणि म्हणाली, "कैतान, मीय मटण खाल्लंय."

कैतान गंभीर झाला. त्याने टोपी काढली, हात जोडले आणि होडीला जोरात धक्का दिला.

"अरे, चढ ना आत!" रोझी ओरडली. "तू येतलस ना?"

"मी कसो येव?" कैतान काठावरून हात हलवत म्हणाला. "माका खंय मटण गावला?"