दहा लाख एक

“फुटत नाही म्हणजे कशानंच नाही?”

आबाशास्त्रींनी नरहरीला विचारलं. गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, गळ्याशपथ. मी तिथं नव्हतो, ज्यानं मला सांगितली तोही नव्हता, पण ते सोडा.

शास्त्रीबोवांच्या पाठशाळेचा रिवाज असा : ज्याला बाहेर जाऊन गणित शिकवायचंय, त्यानं निघताना कशानंच भाग न जाणारा एक आकडा स्वतः तपासून गुरूंपुढे ठेवायचा. टिकला तर परवानगी. नाहीतर आणखी वर्षभर पाठशाळेचं पाणी शेंदा.

बाकीचे चार आकडी संख्येवर भागवत. नरहरीनं आणला दहा लाख एक.

“कुठवर पाहिलंस?”

“हजारापर्यंत. हजार हजारी दहा लाख, त्यापुढं पाहायची गरजच नाही.”

शास्त्रीबोवांनी वही चाळली. सत्त्याण्णवपर्यंतचे भागाकार सुबक अक्षरात. पुढं कोरी पानं.

“आणि हे?”

“पुढचे तोंडी केले.”

“तोंडी…”

कच्च! अडकित्त्यात सुपारी फुटली. म्हातारा आपल्याला पाण्यासाठी अडकवतोय, असा नरहरीला दाट संशय आला.

“मग कशानं फुटतो ते तुम्हीच सांगा ना!”

“मला काय ठाऊक? … पुढचा एक कागदावर कर. माझ्यादेखत.”

अठ्ठ्याण्णव ते शंभर लहान आकड्यांनीच फुटतात, म्हणून पुढचा होता एकशे एक. नरहरीनं फणकाऱ्यानं भाग घातला. भागाकार आला नऊ हजार नऊशे एक. बाकी…

शून्य.

“ठाऊक होतं तुम्हाला! उगाच साळसूदपणा!”

“आकड्याचं नव्हतं रे. तुझे कान लाल झाले होते.”

पुन्हा ती विहीर, पुन्हा तो दोर. नरहरी हट्टानं म्हणाला, “हा नऊ हजार नऊशे एक घ्या. याला शंभरापर्यंतच पाहावं लागतं. आत्ता तपासतो. सगळं लिहून.”

अडकित्ता माझ्या पदरचा, कबूल. शास्त्रीबोवा सुपारीला शिवत नसत. पुढचं मात्र त्यांचंच.

त्यांनी वहीवर तळहात ठेवला.

“नको. याला ज्यानं भाग गेला असता, त्यानं त्या मोठ्यालाही गेला असता. हा तू तपासलायस. जा, शिकव.”

“मी? … कधी तपासला?”

“खोटं बोलायच्या आधी.”