रविवारपुरती घंटा

फार मागे, समुद्रकाठच्या एका चर्चमध्ये एक घंटा होती. रोज तिन्हीसांजेच्या प्रार्थनेला वाजायचा तिला भारी कंटाळा. "रविवारी घुमते ना मी, झालं की!" असं दोराला सुनावून ती इतर दिवशी मुकीच राहायची.

एका बुधवारी सांजेला दाट धुकं उतरलं. पास्कू कोळ्याची होडी अजून समुद्रात होती. त्याला किनारा कळावा म्हणून घंटा जीव तोडून वाजत राहिली. होडी काही आली नाही.

सकाळी एक समुद्रपाखरू सांगत आलं, "तुझा आवाज त्याने ऐकला गं. पण म्हणाला, 'आज कुठे रविवार आहे? ही आपली घंटा नव्हे.' आणि त्याने होडी खडकांकडे वळवली."

तेव्हापासून घंटा रोज वाजते. ती वाजू लागली, की पास्कूची बायको दार लावून घेते.