सड्यावरचा सुतारपक्षी

फार पूर्वी, डोंगरांना नावंही पडली नव्हती तेव्हा, टोक्या नावाचा कोवळा सुतारपक्षी रान सोडून लांबच्या खडकाळ सड्यावर गेला. तिथं पोट कसं भरायचं, याचा त्याने विचारच केला नव्हता.

सडाभर त्याने नजर फिरवली. नुसता कातळ आणि गवत, झाड एकही नाही. वर घार घिरट्या घालत होती. तो एका दगडाला चिकटून बसला.

जवळच अंडी उबवणाऱ्या टिटवीने विचारलं, "काय काम येतं रे तुला?"

"झाडं टोकरून मुंग्या काढतो, मावशी."

"इथं झाड कुठलं? परत जा बाबा. घारीला तू लांबून दिसतोस."

पण परतायला पंखांत बळ नव्हतं.

तेवढ्यात अंडी फुटू लागली आणि वासावर मुंग्यांची रांग आली. टिटवी कासावीस झाली. एकेक मुंगी उचलून तिला रांग आवरेना. टोक्या दगडाआडून पुढे झाला. उघड्यावर, आभाळाकडे पाठ करून त्याने कधी काम केलं नव्हतं. घारीची सावली अंगावरून सरकली. तरी लांब चिकट जिभेने तो मुंग्या टिपत राहिला.

टिटवी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू खाली बघ," ती म्हणाली, "वर मी बघते."