चौकापलीकडची येसू

फार पूर्वी एका नगरात, चार रस्ते जिथे भेटत तिथे, टोपल्या विणणारी भिवरा राहत असे. रस्त्यापलीकडे तिची बालमैत्रीण येसू बांगड्या विकायची. दुपारी काम आवरून भिवरा पलीकडे जाई, आणि उन्हं उतरेपर्यंत दोघी बोलत बसत.

पुढे नगरात गाड्या वाढल्या. कोतवालाने चौकात पाट्या लावल्या, उंच खांबावर लाल-हिरवी निशाणं चढवली. हेतू चांगलाच होता. पण गाडीवानांची नजर त्या निशाणावरच खिळली. हिरवं वर गेलं की ते बैल पिटाळत. वाटेत कोण आहे, हे बघायचं त्यांना सुचतच नसे. भिवराचे गुडघे आता वयाने धरलेले. एकदा ती निम्म्या रस्त्यात असतानाच निशाण बदललं आणि गाडीचा धक्का लागून ती पडली. निशाण हिरवं होतं, असं म्हणून गाडीवान निघून गेला.

त्यानंतर भिवरा रस्ता ओलांडेनाशी झाली. उंबऱ्यात बसून पलीकडे बघायची. येसू हात हलवायची, मग हीही हलवायची. बोलणं चाकांच्या खडखडाटात विरून जाई. एखाद्या दिवशी येसूचं दार उशिरा उघडलं, तर भिवराचं विणण्यात लक्ष लागत नसे.

एका वर्षी वावटळीत खांब मोडला, पाट्या उडाल्या. आता अपघात होणार, या धास्तीने कोतवाल स्वतः चौकात येऊन उभा राहिला. पण गाडीवान चौकाशी आले की आपसूक कासरा खेचत, एकमेकांकडे बघत, हातानेच ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत.

ते पाहून भिवराने जीव मुठीत धरून रस्त्यात पाऊल टाकलं. समोरून धान्याची गाडी येत होती. तिने गाडीवानाच्या डोळ्यांत पाहिलं. त्याने बैल थांबवले आणि ती पार होईपर्यंत थांबवून धरले.

कोतवालाने तिला विचारलं, “आजी, खांब पुन्हा उभारू का?”

भिवरा म्हणाली, “खांब होता तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायचे. आज मला कुणीतरी पाहिलं.”

कोतवालाने खांबासाठी बोलावलेल्या सुतारांना परत पाठवलं आणि चौकातून गाड्या पावलाच्या चालीनेच न्यायच्या, एवढी दवंडी पिटवली.

भिवरा येसूच्या दारात पोचली. येसूने चाचपडत तिचा हात धरला, मग चेहऱ्यावरून बोटं फिरवली.

“मला केव्हापासून धड दिसत नाही गं,” ती म्हणाली. “तू बसली असशील, म्हणून रोज हात हलवायचे.”

तात्पर्य इतकंच: रस्त्यावर माणसाला जपते ती दुसऱ्या माणसाची नजर, ती नजर खांबाच्या हवाली करू नये.