सुकलेली पट्टी

“मग सोडू का नोकरी, बाई?”

हेमलताने उंबऱ्यातूनच विचारलं. शांतवनबाई आत चहा टाकत होत्या. मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या तरी त्या इस्पितळाच्या मागेच राहत, आणि तिथल्या नर्सा रडायला त्यांच्याकडेच येत. हेमलता मात्र रडणाऱ्यांतली नव्हती. तिचा तोराच तसा होता.

“झालं काय?”

“कोपऱ्यातल्या खाटेवरचे आबा गेले. मी चहाला गेले होते तेव्हा.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तू असतीस तरी गेलेच असते, म्हणाले. म्हणू देत. तेव्हापासून मी चहा सोडलाय. डबासुद्धा उभ्यानेच खाते. पण वॉर्डात मन म्हणून लागत नाही. पेशंटशी दोन शब्द बोलावेसे वाटत नाहीत.”

“बरीच कडक आहेस की गं!”

“आहेच मी.”

बाईंना हसू आलं. पोरीवर त्यांचा फार जीव.

मग त्यांची नजर तिच्या अंगठ्याकडे गेली. इंजेक्शनची काच फोडताना तो कापला होता. रक्त वाळून पट्टी जखमेला घट्ट चिकटली होती.

“बदल ती. इथेच, माझ्यासमोर.”

हेमलताने टोक धरलं आणि खस्सकन ओढलं. अर्धी पट्टी निघाली, जखम पुन्हा वाहू लागली.

बाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

“पेशंटची अशीच ओढतेस?”

“काहीतरीच काय, बाई! आधी सलाइनने भिजवते. आपणहून सुटेपर्यंत थांबते.”

“आणि थांबलीस की?”

“बोलते त्यांच्याशी... थोडं दुखेल हं, राजा. मी आहे ना.”

बाईंनी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी वाटीत आणलं. तिचा अंगठा त्यात धरला.

“मग म्हण.”

“कुणाला?”

बाईंनी हनुवटीने अंगठ्याकडे खूण केली.

हेमलताने तोंड उघडलं. थोडं दुखेल हं, एवढंच म्हणाली. पुढचं काही निघेना...

बाई घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. उरलेली पट्टी हळूहळू सुटून पाण्यावर आली. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिने ते पुसलंही नाही. बाईंनी बशीत चहा ओतला आणि तिच्यापुढे सरकवला.

बऱ्याच वेळाने तिने बशी उचलली. एक घोट घेतला.

“पण बाई... नोकरी सोडू का, ते सांगितलंच नाहीत.”

“सोड की. फक्त या पेशंटला कुणाच्या हवाली करून जातेस, तेवढं सांगून जा.”